कडी आणि अडसर

आमच्या आजोळच्या वाड्याच्या थोरल्या दरवाजाला एक जाड सागवानी अडसर होता. तो लावला की येणाऱ्याजाणाऱ्यास तिष्ठत उभे राहावे लागे. ‘हा हवा कशाला?’ असे मी एकदा विचारले, तेव्हा आजी म्हणाली, ‘दिवसा कडी पुरते रे, अडसर रात्रीसाठी.’ या वाक्याचे मर्म मला कळले ते पुष्कळ वर्षांनी, आणि तेही एका चुकीची किंमत मोजून.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, डागडुजी करणे हा माझा व्यवसाय. आजच्या संगणकात अनेक प्रोसेसर एकाच स्मृतीवर काम करतात. समजा, एकाने एका खान्यात निरोप लिहिला आणि मग दुसऱ्या खान्यात ‘निरोप ठेवला आहे’ अशी खूण केली. ती पाहून शेजारी निरोप वाचणार. व्यवहार सरळ दिसतो खरा. परंतु वेगाच्या हव्यासाने हे प्रोसेसर आपली कामे मागेपुढे करतात. त्याने स्वतःच्या घरात काही बिघडत नाही; शेजाऱ्यास मात्र खूण आधी दिसते आणि निरोप मागाहून! हा क्रमभंग टाळण्यासाठी दोन कामांच्या मध्ये जी आज्ञा घालतात, तिला मेमरी बॅरियर म्हणतात. अडसरच तो! तो लिहिणाऱ्याकडे हवा तसा वाचणाऱ्याकडेही. एकटा असून नसल्यासारखाच.

अशाच एका सततच्या रहदारीच्या जागी कोणा पूर्वसूरीने दोन्हीकडे पूर्ण अडसर घातले होते. का, ते कोठेच लिहिलेले नव्हते. तेथे होणारा खोळंबा मला सलला आणि मी दोन्ही काढून टाकले. माझ्यापुढचे यंत्र एक्स८६ जातीचे. लिखाणामागून येणारे वाचन ते कधी आधी उरकून घेते. पण दोन लिखाणांचा किंवा दोन वाचनांचा क्रम शेजाऱ्याच्या दृष्टीने ते पाळते. साहजिकच चाचण्या पार पडल्या, वेग वाढला, शाबासकीही मिळाली. पुढे तेच काम एआरएम जातीच्या यंत्रावर गेले. तेथे असा भरवसा नसतो. क्वचित, अगदी क्वचित, शिळे निरोप वाचले जाऊ लागले. ही चूक बोलावून येत नसे. तीन आठवडे मी ती इतरांच्या कामात शोधीत होतो, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

उपाय साधाच निघाला. पूर्ण अडसराची तेथे गरज नव्हतीच. लिहिणाऱ्याने खूण करताना ‘रिलीज’ आणि वाचणाऱ्याने ती पाहताना ‘अक्वायर’, एवढी एकतर्फी कडी पुरे होती. एक्स८६वर तिच्यासाठी निराळी आज्ञाही लागत नाही. एआरएमवर लागते, पण ती बहुधा पूर्ण अडसराहून हलकी. वेग मला मिळालाच असता. कडी कोठली आणि अडसर कोठला, हे मात्र आधी पाहावयास हवे होते.

टीप नसलेला बॅरियर दिसला की लिनक्सचा ‘चेकपॅच’ हा तपासनीस प्रोग्रॅम हटकतो. पूर्वी मला तो कारकुनी काच वाटे. आता त्या कडीवर मी दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत: ही कशासाठी आहे आणि हिची जोडीदार कोठे आहे. माझ्यामागून येणाऱ्या उतावळ्यास विचारायला आजी जवळ असेलच असे नाही.