सराफ्यातला बेस

रॉक बँडमध्ये सगळ्यात जास्त शिस्त बेस गिटार वाजवणाऱ्याला लागते, हे माझं ठाम मत आहे. आमच्या ड्रमरला ते मान्य नाही. त्याच्या मते शिस्त ड्रमरची, बेसने फक्त मागोमाग यायचं. बँड सुरू झाल्यापासून हा वाद चालू आहे आणि आमचा बँड टिकला तो बराचसा या वादावरच. गायक बदलले, लीड गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला गेला, कीबोर्डवाल्याचं लग्न झालं आणि तो भिलाईला गेला. आम्ही दोघं अजून त्याच खोलीत भांडतो आहोत.

ती खोली रायपूरच्या सदर बाजारात आहे. ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोन्याचांदीच्या पेढ्या, त्यांच्या डोक्यावर जुनी घरं आणि पाठीमागच्या गल्ल्यांत कारागिरांच्या लहान लहान खोल्या. आम्ही एका पेढीच्या वर वाजवतो. शेठजींची अट एकच, खाली गिऱ्हाईक असेपर्यंत आवाज नाही. म्हणून शटरं पडली की आमचा जॅम सुरू होतो. खोलीचा आवाज दबावा म्हणून आम्ही भिंतींना पेढीवरच्या टाकाऊ गाद्या आणि लोड लावले आहेत. एका गादीवर मुनीमजींच्या शाईचे डाग आहेत. ती ड्रमच्या मागे आहे, आणि झांजेचा कर्कशपणा तिच्याइतका कोणी शोषत नाही.

बेसला मात्र गाद्या पुरत नाहीत. बेसची सगळ्यात जाड तार, लो ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. या सुराची एक लाट हवेत सव्वाआठ मीटर लांब असते. आमची खोली लांबीला चौदा फूट, म्हणजे त्या लाटेच्या जेमतेम निम्मी. परिणाम असा की भिंतीपाशी उभं राहिलं तर हा सूर छाती दाबतो आणि खोलीच्या मधोमध उभं राहिलं तर जवळजवळ नाहीसा होतो. नवीन आलेला गायक नेहमी मधोमध उभा राहतो आणि म्हणतो, "भैया, बेस बढ़ाओ." मी बढ़वत नाही. त्याला हाताला धरून कोपऱ्यात नेतो. लहान खोलीत वाजवणाऱ्या प्रत्येक बँडने अँप्लिफायरच्या बटणाला हात लावण्याआधी खोलीत एक फेरी मारावी. निम्मी भांडणं तिथेच संपतील.

सराफ्यात बँड असण्याचे फायदे आहेत आणि त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो. बेसच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. जाड तारांवर वळसे दिलेले असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं दाबून फ्रेटवर खाचा पडतात आणि मग तार करकरते. हे काम नीट करणारा माणूस शहरात सहज मिळत नाही. शेवटी मी गिटार घेऊन मागच्या गल्लीतल्या एका कारागिराकडे गेलो. त्याने फ्रेटवर नख फिरवलं, भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "ये तो जर्मन सिल्वर है." अगदी बरोबर. फ्रेट त्याच मिश्रधातूचे असतात. तांबं, निकेल आणि जस्त, चांदी नावालासुद्धा नाही. ज्या बाजारात हा धातू रोज हातून जातो तिथे मला वेगळं काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. आधी लाकडावर चिकटपट्टी लावून ते झाकलं. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या शाईची रेघ ओढली. मग सपाट कानस अगदी हलक्या हाताने मानेच्या लांबीवरून फिरवली. शाई जिथून गेली तो फ्रेट उंच, जिथे राहिली तो खोल. एक फ्रेट उतरवला की शेजारचा आपोआप उंच ठरतो, म्हणून तो पोलादी पट्टी तीन-तीन फ्रेटवर टेकवून डोलते का ते बघत पुढे सरकत होता. शेवटी प्रत्येक फ्रेटला अंगठीसारखा गोल माथा काढून बारीक कागदाने पॉलिश केलं. त्याने आयुष्यात बेस ऐकला नव्हता. पण हाताखालची वस्तू किती घासायची यापेक्षा कुठे थांबायचं हे त्याला जास्त चांगलं कळत होतं. त्या दिवसापासून मी सगळ्या नव्या मुलांना सांगतो की वाद्याची दुरुस्ती शिकायची तर सोनाराच्या खोलीत तासभर बसा.

थांबण्याचा विषय निघालाच आहे तर काकूचं सांगतो. आमचं घर तात्यापाऱ्यात, सदर बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर. छत्तीसगडात मराठी माणसं भोसल्यांच्या काळापासून आहेत. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला आले तेव्हापासून म्हटलं तरी चालेल. रायपुरात १९३५ पासून महाराष्ट्र मंडळ आहे आणि आमच्या घरात पेटी, तबला, नाट्यपदं हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या. काकू उत्तम पेटी वाजवते. एकदा ती आमच्या तालमीला येऊन बसली आणि गाणं संपल्यावर म्हणाली, "सगळ्यांचं ऐकू आलं रे, तुझंच काही कळलं नाही." मी म्हटलं, "काकू, आता पुन्हा ऐक." तेच गाणं घेतलं आणि अंतऱ्यात दोन आवर्तनं मी बेस बंद ठेवला. ती पटकन म्हणाली, "अरे, खालून काहीतरी गेलं!" मी पुन्हा सुरू केलं तेव्हा तिची मान आपसूक हलली. तालीम संपल्यावर तिने जे सांगितलं ते मला कोणत्याही व्हिडिओत मिळालं नव्हतं: "मग असा मधूनमधून थांबत जा की. लोकांना तू असल्याचं कळेल."

बेसची खरी कला यातच आहे असं माझं मत झालं आहे. सूर कुठे सुरू करायचा हे ड्रमर सांगतो. बेस ड्रमवर पाय पडला की तिथे सूर. तो सूर कुठे सोडायचा हे कोणी सांगत नाही. तोच सूर, तोच ताल, पण सूर पुढच्या ठोक्यापर्यंत ताणला तर गाणं जड होतं आणि स्नेअरच्या आधी कापला तर तेच गाणं चालायला लागतं. हे कापण्याचं काम डाव्या हाताचं. बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सैल करायचा. उचललं तर तार गुणगुणत राहते. नवीन मुलं उजव्या हाताच्या वेगावर महिनोन्‌महिने घालवतात. मी त्यांना एकच सूर देतो आणि तो वेगवेगळ्या जागी सोडायला लावतो. मुलं कंटाळतात. जी कंटाळून पळत नाहीत ती पुढे वाजवतात.

कार्यक्रमांबद्दलही माझी काही मतं आहेत. रायपुरात रॉक ऐकणारा वर्ग मुख्यतः कॉलेजांतला. एनआयटी, म्हणजे जुन्या लोकांचं जीईसी, तिथल्या फेस्टमध्ये टाळ्या मिळतात त्या दुसरीकडे मिळत नाहीत. बाकी काम लग्नाच्या संगीताचं, हॉटेलांचं आणि मंडपांचं. लग्नात वाजवणं कमीपणाचं मानणारे वादक मला आवडत नाहीत. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच गाण्यावर उभं करायचं हे काम कोणत्याही मोठ्या स्टेजइतकंच अवघड आहे, आणि तिथे ताल डगमगला तर नाचणारे पाय तत्काळ तुम्हाला सांगतात.

मंडपात त्रास असतो तो विजेचा. अर्थिंग धड नसलं की स्पीकरमधून घुमणारा आवाज येतो. आपली वीज ५० हर्ट्झची आणि बेसवरचा खालचा जी सूर ४९ हर्ट्झचा. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला एक असा हेलकावा येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं बेस बेसूर आहे. म्हणून अशा मंडपात आम्ही जी सुरातलं गाणं यादीतून काढतो किंवा पट्टी बदलतो. गिटार साउंड सिस्टीमला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवरचं, अर्थिंगची जोडणी तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण पुष्कळदा वाचवतं. जनरेटरवर असलो तर तेही पुरत नाही, कारण भार वाढला की जनरेटर मंदावतो आणि घुमण्याचा सूरच सरकतो. साउंडवाल्या भैयाशी मैत्री ठेवा, त्याच्या जेवणाची चौकशी करा. माझ्या अनुभवात महागड्या पेडलपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आमच्या आधीच्या पिढीतल्या वादकांची नजर मुंबईवर असायची. १९८६ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला. रॉक मशीन हा बँड, पुढे ज्यांनी इंडस क्रीड नाव घेतलं, त्यांच्या कॅसेट हातोहात फिरायच्या. त्या मंडळींनी जे केलं त्याबद्दल मला अपार आदर आहे. पण रायपूर हा मुंबईला जाण्याआधीचा थांबा आहे, असं मानून वाजवणाऱ्याचं रायपुरात लक्षच नसतं. आणि इथे ऐकण्यासारखं इतकं आहे!

गणेश विसर्जनाच्या झाँकी, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, बघा. शारदा चौक, जयस्तंभ, मालवीय रोड, कोतवाली असं करत त्या सदर बाजारात येतात आणि पुढे सत्ती बाजार, कंकाली पारा, पुरानी बस्तीमार्गे महादेव घाटाला, खारून नदीकडे जातात. रात्रभर. सदर बाजारात रस्ता आवळतो, गाड्या थबकतात आणि धुमाल एका जागी उभं राहून वाजायला लागतं. नागपूरकरांना धुमाल सांगायला नको. इतरांसाठी: गाडीवर जनरेटर, भोंगे, कीबोर्ड आणि पॅड, खाली रस्त्यावर गळ्यात ड्रम अडकवलेली, झांजा घेतलेली पोरं. दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून ताल परत येतो, आणि तो परतणारा ताल धरूनच ही पोरं वाजवतात. म्होरक्या हात वर करतो. अर्ध्या मात्रेत सगळं बंद. रस्त्यावर हजारो माणसं आणि एक श्वासभर नुसती शांतता. हात खाली येतो आणि सगळे एकाच ठोक्यावर परततात. मी हे दरवर्षी आमच्या जिन्याच्या पायरीवरून पाहतो, आणि रॉक म्हणून जे काही मी शिकलो त्याचा सगळ्यात मोठा नमुना मला तिथेच दिसतो. ना मॉनिटर, ना क्लिक ट्रॅक, ना साउंडचेक.

म्हणून मिरवणुकीतून वादकांना बाजूला सारून डीजेचे डबे आणले जातात तेव्हा मला राग येतो. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे. ते नियम २००० सालचे. बिलासपूरच्या उच्च न्यायालयानेही डीजेच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली आहे. धुमालही मोठंच वाजतं, हे मला मान्य आहे, आणि माझ्या कानात तेव्हा इअरप्लग असतात. प्रत्येक वादकाच्या कानात असायला हवेत, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आवाजाला मर्यादा हवीच. पण मर्यादा घालताना हातांनी वाजवणारी वीस पोरं आणि पेन ड्राइव्ह लावलेला डबा यांना एकाच पारड्यात टाकू नये. पोरांचा आवाज उतरवता येतो. म्होरक्याने हात थोडा खाली केला की पुरे.

गाण्यांच्या भाषेतही आम्ही इथलंच धरून आहोत. आम्ही इंग्रजी कव्हर वाजवतो, प्रेमाने वाजवतो. पण आमची स्वतःची गाणी हिंदीत आणि छत्तीसगढीत आहेत, कारण आमचा गायक भाजीवाल्याशी छत्तीसगढीत घासाघीस करतो आणि त्याचा आवाज त्याच भाषेत मोकळा होतो. 'पीपली लाइव्ह' हा चित्रपट २०१० मध्ये आला, त्यात इंडियन ओशन या दिल्लीच्या रॉक बँडची गाणी आहेत आणि नगीन तन्वीर यांनी गायलेलं छत्तीसगढी गाणंही आहे. नगीन या रंगकर्मी हबीब तन्वीर यांच्या कन्या, आणि हबीबसाहेब १९२३ मध्ये आमच्या रायपुरातच जन्मले. त्या चित्रपटाचा अल्बम मी बँडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सलग ऐकायला देतो. इंडियन ओशनमध्ये बेस वाजवणारे राहुल राम गातातही. आमचा ड्रमर हे ऐकून गप्प बसतो.

सध्या आम्ही राऊत नाच्याच्या चालीवर एक गाणं बांधतो आहोत. देवउठनी एकादशीपासून यादव मंडळी सजून, काठ्या घेऊन निघतात. सोबत गुदुम, निशाण, डफडा, टिमकी आणि मोहरी. मध्येच एक जण दोहा म्हणतो. तेव्हा सगळी वाद्यं थांबतात, दोहा तालाबाहेर, ज्याच्या त्याच्या दमाने चालतो, आणि शेवटचा शब्द पडताक्षणी बाजा कोसळतो. गायकाला दोहा जमला आहे. पेच बाकी आहे तो त्याच्यानंतरच्या पहिल्या ठोक्याचा, कारण दोहा दर वेळी वेगळ्या लांबीचा येतो आणि मोजून वाजवता येत नाही. ड्रमर म्हणतो, गायकाच्या खांद्याकडे बघू. मी म्हणतो, श्वास ऐकू. उद्या शेठजींचं शटर पडलं की दोन्ही करून बघायचं ठरलं आहे.