बीपीची गोळी

सोयाबीनची सुडी उचलताना काकांना विंचू डसला, तेव्हा मी दहावीत होतो. गाव वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं. काकांचे हात गार पडले, अंगातून घामाच्या धारा. आजी मांत्रिकाला बोलवा म्हणत होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि रात्रभर बीपी मोजत राहिले. पहाटे काकांनी चहा मागितला.

ती गोळी प्राझोसिन. मुळात बीपीची.

लाल विंचवाच्या विषानं शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करतं. हे दाखवून दिलं जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी, कोकणात महाडला राहून. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या. १९८२ आणि १९८६ मध्ये त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये आलं. गंभीर रुग्णांतले मृत्यू शंभरात चाळीसवरून एकाच्या आसपास आले.

२०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी 'बीएमजे'त चाचणी छापली. रुग्ण ७०. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८.

आणि या सगळ्या कामाचा खर्च? मुख्यतः स्वतःच्या दवाखान्याच्या कमाईतून.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे नवी कल्पना मांडली की पहिला प्रश्न येतो, मार्केट केवढं? इथे औषध जुनं, स्वस्त, पेटंट संपलेलं, रुग्ण शेतमजूर. कंपनी कशाला पैसा घालेल? त्यात इमर्जन्सीचं संशोधन म्हणजे रात्री दोनला घाबरलेल्या नातेवाइकांची संमती घ्यायची आणि उपचार थांबवायचे नाहीत. त्यासाठी रात्रपाळीचा माणूस लागतो, त्याला पगार लागतो. अनुदान म्हटलं की आपल्याला यंत्रं आठवतात, हा पगार नाही.

ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टनं २०१९ मध्ये ८ कोटी पौंड जाहीर केले, तेही सर्पदंशासाठी. विंचू त्यात नव्हता.

वाशिमला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. गावी गेलो की मी मित्रांना विचारतो, तिथे विंचवाच्या रुग्णांची तासातासाची नोंद कोण ठेवणार, कुणाच्या पैशानं? ते हसतात, आधी बेड तर मिळू दे म्हणतात. काका मात्र हसत नाहीत. हल्ली ते सुडीला हात लावायच्या आधी चारही बाजूंनी काठीनं ठोकतात.