मोडायची जागा

“पेशंट कोण आहे?” औषधवाल्याने विचारलं. मी हातभर लॅटेक्सची सर्जिकल ट्यूब मागितली होती, सोबत मोठी सिरिंज, आणि वर ‘सुई नको’ असंही म्हणालो होतो. पेशंट म्हणजे अडीच सीसीचं इंजिन. पण मागे रांग असताना हे कुठे समजावत बसणार? ‘घरचेच आहेत’ म्हणालो आणि पैसे दिले.

ही नळी म्हणजे आमच्या कंट्रोल लाइनच्या लढाऊ मॉडेल विमानाची टाकी. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकात बारीक पितळी नळी बसवून दोऱ्याने करकचून बांधायची आणि सिरिंजने इंधन भरायचं. आधी एका जागी फुगा येतो, मग तो नळीभर सरकत जातो. पत्र्याची टाकी असेल तर विमान गर्रकन वळलं की इंधन एका अंगाला फेकलं जातं आणि ऐन मोक्याला इंजिन खोकतं. लॅटेक्सला मात्र सारखं आकसायचंच असतं. विमान उलटं असो, वळणात असो, ते इंधन पुढे ढकलतच राहतं. फक्त नळी दर दोन-चार रविवारी बदलावी लागते, म्हणून दुकानात माझ्या घरच्या आजारपणाची आता सवय झाली आहे.

कंट्रोल लाइन म्हणजे रिमोट नव्हे. हातातल्या मुठीपासून विमानापर्यंत पोलादाच्या दोन तारा जातात, बस्स. मूठ मागे कलवली की विमान वर, पुढे कलवली की खाली. एफ-टू-डी या आंतरराष्ट्रीय प्रकारात तारांची लांबी १५.९२ मीटर असते. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्या त्रिज्येचं वर्तुळ काढून बघा: एक फेरी बरोबर १०० मीटरची होते. चांगलं विमान ती सव्वादोन-अडीच सेकंदांत मारतं. मधल्या रिंगणात दोन वैमानिक खांद्याला खांदा लावून उभे असतात, दोघांची विमानं एकाच दिशेने फिरतात आणि प्रत्येकाच्या शेपटीला दोऱ्यावर क्रेप कागदाची पट्टी लटकत असते. समोरच्याची पट्टी आपल्या पंख्याने कापायची. एका कापणीला १०० गुण, झुंज चार मिनिटांची.

ऐकणाऱ्याला लगेच संक्रांत आठवते. पण पतंगात मांजाच काटायचा असतो, इथे तारांना धक्का लागता कामा नये. त्या एकमेकींवर चार-चार पीळ घेतात आणि तरी दोन्ही विमानं आपापल्या मालकाचं ऐकतात, कारण स्वच्छ पोलाद पोलादावरून घसरतं. म्हणून उडवण्याआधी तारा पुसायच्याच. त्यांच्यावर इंधनातल्या एरंडेलाचा थर बसला की घोटाळा.

एरंडेल आलं की मला एनसीसीची एअर विंग आठवते. तिथे आमच्याकडे छोटी डिझेल इंजिनं होती. नावालाच डिझेल, इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण. प्लग नाही, ठिणगी नाही, डोक्यावरचा स्क्रू फिरवून दाब वाढवायचा आणि बोटाने पंखा झटकायचा. गणवेशाला तो वास आठवडाभर राही. आई गणवेश बादलीत वेगळा भिजवायची.

पहिलं कॉम्बॅट विमान मी दोन महिने बांधलं. बाल्साच्या फासळ्या, वर टिश्यू, त्यावर डोपचे तीन हात, लाल पट्टे. इंजिन बसवायला सागाचे जाडजूड दांडे, कारण मजबूत म्हणजे चांगलं अशी माझी समजूत. पहिल्याच झुंजीत एक मिनिटही झालं नसेल, विमान कुशीवर जमिनीत गेलं. दांडे शाबूत. इंजिनाचा कानच तुटला होता. एअर विंगच्या सरांनी इंजिन उचललं, माती फुंकली आणि म्हणाले, “पंख तुला आठवड्यात करता येईल. हे कुठून आणणार आहेस?”

तेव्हापासून आराखडा काढताना मी पहिली रेघ मोडायच्या जागेची मारतो. आता पंख थर्माकोलचा असतो, निक्रोमच्या तापल्या तारेने कापलेला. (झटपट डिंक त्याला लावू नका, बघता बघता थर्माकोल विरघळतो. फेव्हिकॉल लावा आणि रात्रभर दम धरा.) पुढची कड लवचीक फोमची, आत कार्बनची नळी, वर पॅकिंगची ब्राउन टेप. दिसायला पार्सल दिसतं. डाव्या, म्हणजे तारांकडच्या पंखाला थोडी जास्त लांबी आणि उजव्या टोकाला शिशाचा तुकडा, कारण दोन तारांचंच वजन ३० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि ते विमानाला आत ओढतं. तार सैल पडली की मूठ हातात असून नसल्यासारखी.

पंखाच्या पोटात बेलक्रँक असतो, तारांची ओढ शेपटीकडे पोचवणारा चिमुकला त्रिकोण. याच त्रिकोणावरून अमेरिकेत कोर्टबाजी झाली. जिम वॉकर यांनी १९४० च्या दशकात ‘यू-कंट्रोल’चं पेटंट घेतलं होतं. पुढे कोर्टात निघालं की ओबा सेंट क्लेअर यांनी त्याआधीच असं विमान उडवलं होतं. पेटंट गेलं.

बेलक्रँकपासून इंजिनापर्यंत एक पोलादी दोर असतो. तो नियमच आहे. टकरीत पंखाचा भुगा झाला तरी इंजिन तारांना लटकून राहिलं पाहिजे, सुटलं तर ती गोळीच. म्हणजे या विमानात दोनच गोष्टी तुटता कामा नयेत, तारा आणि हा दोर. बाकी सगळं कुठल्या क्रमाने जाईल ते मी ठरवतो: आधी पुढची कड चेपेल, मग शेपटीची काडी सुटेल, मग पंख बेलक्रँकच्या उजवीकडे दोन बोटांवर फाटेल. तिथे मी कार्बनची नळी मुद्दाम तोडून जोडलेली असते.

गेल्या थंडीत एका झुंजीत समोरासमोर टक्कर झाली. टप्प असा पोकळ आवाज, हवेत पांढरे दाणे. माझा मेकॅनिक हेल्मेट सावरत धावला. एका झुंजीला दोन विमानं चालतात, दुसरं तयार होतं. वाकून पट्टी सोडवता सोडवता तो ओरडला, “दोन बोटं नाही, तीन! डावीकडे!”

म्हणजे डिंक जास्त झाला होता.