ऊर्जा तारेबाहेरून

पदवीच्या शेवटच्या वर्षाला विद्युतचुंबकत्व शिकवताना वेळ कमी पडला तर मी पुष्कळ काही आटोपतं घेतो. पॉइंटिंगच्या तासाला मात्र हात लावत नाही. अभ्यासक्रमात त्याला एक ओळ असते. मुलं तोवर गाऊस, अँपिअर, फॅराडे करत मॅक्सवेलच्या चार समीकरणांपर्यंत आलेली असतात, कर्ल आणि डायव्हर्जन्स हातात बसलेले असतात. तरी तार म्हटलं की डोळ्यांपुढे पाण्याचा नळच येतो.

म्हणून आधी एक गणित. तांब्याच्या तारेचा छेद एक चौरस मिलिमीटर, धारा एक अँपिअर; इलेक्ट्रॉन किती वेगाने सरकतात? उत्तर येतं सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे तासाला वीतभर. दिवा तर बटण दाबताच लागतो. यावर कोणीतरी म्हणतंच, नळातही दाब लगेच पोचतो की. अगदी बरोबर आहे, आणि हा आक्षेप आला की मला फार बरं वाटतं. मग वेगाचा प्रश्न बाजूला ठेवून ऊर्जा कुठल्या वाटेने येते, ते काढायला बसतो.

उत्तर आधी सांगायचं नाही, एवढं पथ्य मी पाळतो. फळ्यावर एक सरळ तार. विद्युत क्षेत्र तिच्या लांबीच्या दिशेने, चुंबकीय क्षेत्र तिच्याभोवती गोल. उजवा हात लावून दोघांचा सदिश गुणाकार केला की बाण तारेच्या अक्षाकडे वळतो. तारेच्या पृष्ठभागाने गुणलं की लांबी जाते, त्रिज्या जाते, पाय जातो. उरतो विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार. तारेत जितकी उष्णता होते, बरोबर तितकीच ऊर्जा, आणि ती सगळी बाहेरून आत आलेली. जॉन हेन्री पॉइंटिंगने हे १८८४ मध्ये मांडलं. मॅक्सवेल त्याआधी पाच वर्षं गेला होता.

बाहेरचं क्षेत्र येतं कुठून? तारेच्या पृष्ठभागावर साचलेल्या प्रभारातून. तोच प्रभार तारेच्या वळणावळणाने क्षेत्राला वळवत नेतो आणि बॅटरीतली ऊर्जा तारांभोवतीच्या जागेतून दिव्यापाशी येते. पुष्कळ पाठ्यपुस्तकं या प्रभाराबद्दल गप्प असतात, ते मला पटत नाही. तो सांगितला नाही तर मुलांना सगळा हिशेब चिन्हांचा खेळ वाटतो.

एका मुलीने विचारलं, “सर, मग आमच्या गावच्या डीपीत काय होतं?” प्रश्न इतका नेमका होता की पुढचा विषय मी तिथेच सोडला. डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, दोन वेटोळी असतात आणि त्यांना जोडणारी तार नसते. चुंबकीय प्रवाह लोखंडी गाभ्यातून फिरतो, म्हणून ऊर्जाही गाभ्यातूनच जात असेल, असं सगळ्यांना वाटलं. दोन्ही क्षेत्रांच्या दिशा काढून बाण मांडले, तर ते एका वेटोळ्याकडून दुसऱ्याकडे, मधल्या तेलातून आणि कागदी वेष्टनातून गेले.