निळा रंग हा दोष नव्हे

१४ एप्रिलच्या सकाळच्या रॅलीचे फोटो आम्ही कॉम्प्युटरवर उघडले. जरा निस्तेज वाटले म्हणून 'ऑटो'चे बटण दाबले, तर सगळ्यांचे चेहरे पिवळट! असे का झाले? अशी ऑटो दुरुस्ती अनेकदा गृहीत धरते की, फोटोतल्या सर्व रंगांची सरासरी करडी असते. आमच्या फोटोत तर निळेच झेंडे. तिने निळ्यालाच दोष ठरवले आणि त्यावर पिवळा ओतला.

मग आम्ही 'जिम्प'मध्ये 'लेव्हल्स' उघडून करड्या बिंदूचा ड्रॉपर घेतला. एका आजीच्या पांढऱ्या साडीवर, उन्हाने पार न उजळलेल्या जागी क्लिक केले. झेंडे निळे झाले, चेहरे मूळ रंगात आले.

तेवढ्यात एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "दादा, चेहरे थोडे गोरे करा ना, बॅनरवर छान दिसतील."

आम्ही त्याला 'शर्ली कार्ड'ची गोष्ट सांगितली. कोडॅक कंपनी रंगीत फोटोंच्या लॅबना गोऱ्या स्त्रीचा नमुना-फोटो देत असे. तिची कातडी नीट उमटली की रंग जुळले, असे मानले जाई. काळ्या माणसांचे चेहरे बिघडले तरी मापदंड गोराच राहिला.

मित्रांनो, दुरुस्ती प्रकाशाची करायची असते, कातडीची नाही. आजीचा सावळा चेहरा आम्ही तसाच ठेवला. बॅनरही तोच लागला.

जयभीम!