सुटलेला कंस

आमच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा अशी श्रद्धा. अशा गावच्या पोराला संगणकाकडून अभंग वदवून घ्यायची हौस असावी, यात नवल ते काय!

हे पोर म्हणजे माझा भाचा. आप्पांच्या, म्हणजे त्याच्या आजोबांच्या, भजनाच्या चाली तो लिलीपाँडमध्ये उतरवतोय. १९९६ साली सुरू झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर. स्वर अक्षरांत लिहायचे, ते स्टाफ नोटेशन छापून देतं आणि वाजवायला मिडी फाईलही बनवून देतं. अक्षरांत सूर लिहिणं आपल्याला नवं नाही म्हणा. भातखंड्यांनी (१८६०-१९३६) आयुष्यभर तेच केलं: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. फरक इतकाच, की तिथे एखादी खूण राहिली तर वाचणारा सांभाळून घेतो. संगणक अडून बसतो.

परवा भाच्याचा फोन. "मामा, शेवटच्या ओळीत चूक दाखवतंय. तिथे तर काहीच नाहीये!"

मंडळी, यातली गंमत अशी, की यंत्र आपण कुठे अडखळलो ते सांगतं, चूक कुठे झाली ते नाही. वर कुठेतरी महिरपी कंस उघडा राहिला, की ते बिचारं फाईल संपेपर्यंत तो बंद होण्याची वाट बघतं. म्हणून दाखवलेल्या ओळीपासून वर वर जायचं. नाहीच सापडलं, तर टक्क्याची खूण घालून अर्धी फाईल झाकायची आणि पुन्हा चालवायची. कंस बाराव्या ओळीत सुटला होता!

मग मात्रांची तक्रार आली. एका स्वराला कालमानाचा आकडा दिला, की पुढचे बिनआकड्याचे स्वर तोच आकडा धरून चालतात. एकच आकडा चुकला, तर सगळी ओळ आखडते. म्हणून भजनी ठेक्यात दर चार मात्रांनंतर उभी रेघ घालायला सांगितली. लिलीपाँड तिथे हिशोब तपासतं आणि जुळला नाही तर बजावतं.

अखेर एकही तक्रार न येता फाईल चालली. भाचा खूश. आप्पांना ऐकवली. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "गंधार कोमल आहे रे बाबा."

सा 'सी'वर धरला होता, म्हणजे गंधार 'ई'. त्याला 'एस' जोडला की कोमल होतो. तेवढं एक अक्षर राहिलं होतं. पण शुद्ध गंधारही व्याकरणात बसतोच की! संगणक का म्हणून बोलेल?

कंस-आकड्यांच्या चुका दहा वर्षांनीही सापडतील. ही दुसरी चूक पकडणारा कान मात्र एकच आहे, आणि तो चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. या चाली आता मंडळीत दुसऱ्या कुणालाच पुऱ्या येत नाहीत.

भाच्याला सांगून टाकलंय, कंस मी बघतो. तू दर रविवारी गावी ये.