शून्यावर बरोबर

फेब्रुवारीतल्या एका रविवारी टाकीवरचे दिवे लागले आणि माझं हॅमर उघडलंच नाही. बाहेर न्यू जर्सीचा बर्फ, बेसमेंटमध्ये पंचाहत्तर गॅलनची, म्हणजे साधारण 280 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि तिच्यासमोर थंड होत चाललेला चहा घेऊन बसलेली मी.

हॅमर हे दगडी प्रवाळ. बोटांच्या टोकांना हातोडीचा आकार, म्हणून ते नाव. दोन डोक्यांचा तुकडा आणला होता, सहा वर्षांत त्याची अकरा झाली होती. बरं असतं तेव्हा प्रवाहात अशी काही डुलतात ती बोटं, की पाहुणे हमखास विचारतात, "हे कुठलं झाड?" झाड नाही, प्राणी आहे, हे सांगून सांगून मी दमले आहे.

प्रवाळाला बोलता येत नाही, आणि त्याची लक्षणंही मोजकीच. मिटणं, रंग उडणं, मांस मागे सरकणं, कुजणं. कारणं मात्र पन्नास. पहिला प्रश्न असा, की पांढरं दिसतंय ते नेमकं काय? मांस जागेवर असून आतली शेवाळं निघून गेली असतील, तर ते ब्लीचिंग. बहुधा उष्णता नाहीतर प्रकाश. पण बोट लावल्यावर सांगाड्याच्या धारदार पापुद्र्या लागल्या, तर मांसच गेलेलं. माझ्या हॅमरच्या तीन डोक्यांना खालच्या कडेने पापुद्र्या लागत होत्या.

रात्री लाल बॅटरी घेऊन पुन्हा खाली गेले. प्रवाळ खाणारे चपटे किडे अंधारात फिरतात आणि लाल उजेडाला सहसा बिचकत नाहीत. फांद्यांच्या बुडाशी अंडी आहेत का तेही पाहिलं, कारण औषधी पाण्यात बुडवून किडे पडतात, अंडी मरत नाहीत. दोन्ही नव्हतं.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. पंपाचं तोंड फिरवलं, दिव्याची तीव्रता उतरवली, कार्बन बदलला. एका आठवड्यात तीन बदल! म्हणजे फरक पडला असता तरी कशाने पडला ते कळलं नसतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. असा प्रकार आमच्याकडच्या नव्या मुलीने केला असता तर मी तिला चांगलं सुनावलं असतं.

दहाव्या दिवशी एका डोक्यावर तपकिरी चिकटा दिसला. गार झालेल्या नाचणीच्या पेजेसारखा, आणि वास भिजून सडलेल्या सुकटीचा. याला ब्राऊन जेली म्हणतात आणि याच्यापुढे विचार करत बसायला वेळ नसतो, कारण प्रवाह तो चिकटा शेजारच्या डोक्यावर नेऊन टाकतो. अख्खी वसाहत अलगद उचलून पातेल्यात घेतली, चिकटा पिचकारीने टाकीबाहेरच ओढला, आणि ते डोकं बोन कटरने दोन बोटं खाली, स्वच्छ सांगाड्यावर तोडलं. हॅमर फांद्यांचं होतं म्हणून हे जमलं. भिंतीसारखं सलग वाढणारं असतं तर तोडायला जागाच नसते. उरलेल्याला लुगॉलच्या आयोडीनमध्ये दहा मिनिटं, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाच्या पाण्यात. जंतू रंगवायला आम्ही वापरतो त्याच घराण्यातलं औषध.

चिकट्याचा थेंब घरच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. सिलिएट जातीच्या एकपेशीय जीवांची नुसती झुंबड! पोटात हिरवट-तपकिरी ठिपके, म्हणजे माझ्याच प्रवाळाची शेवाळं. पण हे तर पंगतीला आलेले. माझ्या मते पान आधीच कुणीतरी वाढून ठेवलं होतं. वाढणारा कोण, ते मला सापडत नव्हतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असंच माझं चाललं होतं.

उत्तर माझ्याच वहीत होतं. दर रविवारी मी आकडे लिहिते. नोव्हेंबरात कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1290, अल्कलिनिटी 8.2. फेब्रुवारीत 470, 1440 आणि 9.1. प्रत्येक आकडा वेगळा पाहिला तर छानच, उलट मी खूश होते. तिन्ही शेजारी लिहिले तेव्हा दिसलं, की तिन्ही साधारण अकरा टक्क्यांनी वाढलेत. डोसिंग वाढवलं असतं तर एक वाढला असता, फार तर दोन. सगळे एकाच मापाने वाढतात तेव्हा वाढलेलं असतं मीठ.

पण खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तर 35 दाखवत होता! दर हजारी 35 भाग, समुद्राइतकं. हा रिफ्रॅक्टोमीटर डिसेंबरात घेतलेला, जुना फरशीवर पडून फुटला म्हणून. दर आठवड्याला मी त्यावर आरओच्या पाण्याचा थेंब टाकून रेषा शून्यावर आणत होते. शून्यावर तो अगदी बरोबर होता. 35 चं प्रमाणित द्रावण मागवून त्यावर टाकलं, तर दाखवले 31.5. म्हणजे तो 35 म्हणत होता तेव्हा टाकीत 39 होते. दर पाणी-बदलाला मी माझ्या हाताने थोडं थोडं मीठ चढवत नेलं होतं.

लॅबमध्ये सकाळी पेशंटचा एकही नमुना मशीनवर चढायच्या आधी आम्ही कंट्रोल लावतो, आणि तेही दोन पातळ्यांचे. कारण एका बिंदूवर खरं बोलणारं यंत्र दुसऱ्या बिंदूवर खोटं बोलू शकतं. पोटापाण्यासाठी वीस वर्षं हे करणारी बाई घरी फक्त शून्य तपासत होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, सुताराच्या घरी खाट मोडकीच असायची." त्याच्यावर रागावण्यातही अर्थ नव्हता.

आता 39 म्हणजे विष, असं नाही. तांबड्या समुद्रातली प्रवाळं 40 च्या आसपासच्या खारटपणात सुखाने राहतात. पण ती पिढ्यान् पिढ्या तिथलीच. माझ्या हॅमरचे पूर्वज इंडोनेशियातले, तिथलं पाणी सौम्य.

उपचार कंटाळवाणा होता. रोज तीन-सव्वातीन लिटर खारं पाणी काढायचं, तेवढंच आरओचं घालायचं, की खारटपणा दर हजारी अर्ध्या भागाने उतरतो. आठ दिवस. एका दिवसात उतरवलं असतं तर उरलेल्या पेशीही फुगून गेल्या असत्या. त्या आठ दिवसांत पंप, दिवा, काही म्हणजे काही हलवलं नाही. आणखी तीन डोकी गेली. उपचाराच्या बाराव्या दिवशी, दिवे मालवण्याच्या तासभर आधी, मागच्या बाजूच्या एका डोक्यातून चार-पाच बोटं बाहेर आली. सात डोकी वाचली.

आई मालवणला असते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात मी पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिलं, त्यामुळे हा माझा खुळेपणा तिला थोडाफार कळतो. तरी तिच्या लेखी प्रवाळ म्हणजे मंगळाच्या अंगठीतलं पोवळंच. फोनवर विचारते, "काय गो, तुझा पोवळा बरा झाला?" बरं झालं म्हटलं. तर म्हणाली, "मग मेलेला हाडूक येताना घेवन ये, शोकेसात ठेवया."

तोडलेल्या फांद्या धुऊन, वाळवून माझ्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्या तिला नेऊन देता येणार नाहीत. भारताने 2001 मध्ये दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली, आणि त्या कायद्यापुढे वाळलेला सांगाडाही प्रवाळच.